बालखेळाडूंची निवड आणि जन्ममास : आइस हॉकीपासून घ्यावयाचा धडा

जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा अधिक गुणी असते काय? प्रश्न सकृद्दर्शनी हास्यास्पद वाटेल. तथापि बालखेळाडूंची निवड करणारे प्रशिक्षक नकळत त्याचे उत्तर होकारार्थी देत असतात. आइस हॉकीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून आली.

कॅनडात या खेळाचे वयोगट पंचांगवर्षाप्रमाणे ठरतात. रॉजर बार्न्सली व त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली दाखवून दिले की, तेथील वरच्या दर्जाच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तिमाहीतील खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. याची कारणपरंपरा अशी. दहा वर्षांच्या, म्हणजे १२० महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत ११ महिने हा आयुष्याचा सुमारे अकरावा भाग होय. त्यामुळे येणारी उंची व बळ हेच कौशल्य समजले जाते. निवडलेल्यास चांगला प्रशिक्षक, अधिक सराव व तुल्यबळ प्रतिस्पर्धी लाभतात आणि तो खरोखरीच सरस ठरतो. वगळलेला खेळ सोडतो. अशा रीतीने मूळची चूक पुढे शहाणपण म्हणून मिरवते.

यावर उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला शिक्षणपद्धतीचा. अमेरिकेत आठ वर्षांखालील मुलांना सुमारे ६० मीटर लांबीचे संपूर्ण मैदान न देता त्याचे आडवे भाग पाडून खेळवितात व नेहमीच्या सहा औंसांऐवजी चार औंसांची चकती देतात. लहान जागेत केवळ वेगवान मुलाचीच सरशी होत नाही; प्रत्येकाच्या वाट्यास चकती वारंवार येते. दुसरा उपाय निवडपद्धतीचा. फुटबॉलविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात निवडकर्त्यांना जन्मतारखा नुसत्या कळवून पक्षपात हटला नाही. सदऱ्यांवरील क्रमांक वयाच्या क्रमाने दिले तेव्हा मात्र तो नाहीसा झाला.

भारतात आइस हॉकी मुख्यत्वे लडाखात खेळली जाते. साकीनाक्यास बर्फाचे मैदान नाही. परंतु प्रश्न येथेही तोच, किंबहुना अधिक तीव्र आहे. आपल्या शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असल्याने एकाच गटातील मुलांमध्ये महिन्यांचे नव्हे, वर्षांचे अंतर पडते. कारखाने, गोदामे व चाळी यांनी दाटलेल्या या वस्तीत खासगी प्रशिक्षणाचा खर्च अनेक कुटुंबांना पेलणारा नसतो. शाळेच्या संघातील जागा हीच बहुधा एकमेव संधी. ती हुकली की दुसरी मिळत नाही. उलट, वर सांगितलेले दोन्ही उपाय येथे सहज अमलात येण्याजोगे आहेत. अपुऱ्या पटांगणाचे लहान भाग पाडता येतात आणि वयाच्या क्रमाने क्रमांक देण्यास काहीही खर्च येत नाही.

निवड म्हणजे आजच्या बळाची मोजणी नव्हे, उद्याच्या वाढीचा अंदाज होय. तो बांधताना मुलाचा जन्ममास दृष्टीआड करणे हा त्याच्यावर अन्याय आहेच. खेळाचेही ते नुकसान आहे.