पगारांतून कापलेला कर गेला कोठें ?

तीन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत एका जुन्या स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादास जाण्याचा आम्हांस योग आला. घर तीन पिढ्यांचें, भरलेलें आणि एरवीं हंसतें-खेळतें. परंतु त्या दिवशीं यजमानांचा चेहरा उतरलेला दिसला. प्रसाद झाल्यावर त्यांनीं आम्हांस माडीवर नेऊन एक कागद पुढें ठेवला. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांच्या नांवें आयकर खात्याची ती मागणी होती. आदल्या वर्षीं ज्या खाजगी कंपनींत ते नोकरीस होते, त्या वर्षाचा कर व्याज धरून १,८४,००० रुपये तीस दिवसांत भरावा, असें तींत लिहिलें होतें. चिरंजीव परोपरीनें सांगत होते कीं, हा कर दरमहा आपल्या पगारांतून कापला गेला आहे. कंपनी मात्र दरम्यान बंद पडली होती. वडील म्हणाले, “आमच्या घराण्यांत सरकारची बाकी कधीं राहिली नाहीं. ठेव मोडतों आणि भरून टाकतों. चार लोकांत बभ्रा नको.”

त्या घटकेस आम्हीं त्यांना जें सांगितलें, तेंच आज थोड्या विस्तारानें लिहीत आहों. ज्या घरांत दोघे-तिघे पगारदार आहेत, अशा कोणत्याही घरावर हा प्रसंग येऊं शकतो. आणि अशा वेळीं अब्रूच्या भीतीनें घाईघाईनें पैसे भरणें ही जितकी चूक, तितकीच कागद फडताळांत टाकून स्वस्थ बसणें हीही चूक होय.

प्रथम मूळ व्यवहार समजून घेऊं. हिंदुस्थानांत उत्पन्नावरील कर १८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं प्रथम आणला. पगार देतांनाच मालकानें त्यांतून कर कापून घ्यावा, ही तरतूद १९२२ च्या कायद्याच्या १८ व्या कलमांत होती, १९६१ च्या कायद्याच्या १९२ व्या कलमांत ती आली, आणि १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख आहे त्या २०२५ च्या नव्या कायद्यांतही ती कायम आहे. नव्या कायद्यांत कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून पुढें जुन्या कायद्याचे आकडे दिले असले, तरी वाचकांनीं आंकड्यापेक्षां तत्त्व ध्यानांत ठेवावें. तें तत्त्व असें कीं, कर कापणारा मालक हा त्या रकमेपुरता सरकारचा वसुलीदार असतो. कापलेली रक्कम त्याची नव्हे. ती त्याच्याजवळ केवळ विश्वासानें ठेवलेली आहे.

ही रक्कम त्यानें पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारांत भरावयाची असते; मार्च महिन्याच्या कपातीस मात्र ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. शिवाय कोणाच्या पगारांतून किती कापलें याचें विवरणपत्र त्यानें दर तिमाहीस खात्याकडे पाठवावयाचें असतें. त्यांच्या मुदती ३१ जुलै, ३१ आक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे अशा आहेत. या विवरणपत्रावरून नोकराच्या पॅन क्रमांकाखालीं ती रक्कम जमा दिसूं लागते. ‘फॉर्म २६एएस’ या नांवानें पुष्कळांस परिचित असलेलें जें करपत्रक आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतें, तें हेंच.

आतां घोटाळा कोठें होतो तें पाहा. मालकानें कर कापला, परंतु भरला नाहीं, तर करपत्रकांत तो दिसत नाहीं. नोकर आपल्या विवरणपत्रांत कापलेला कर लिहितो. बेंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रांतील यंत्र तो आकडा करपत्रकाशीं ताडून पाहतें. मेळ बसत नाहीं म्हणून त्याची जमा नाकारतें आणि मागणी पाठवितें. यंत्रास मालकाची लबाडी कळत नाहीं, नोकराचा प्रामाणिकपणाही कळत नाहीं. म्हणजे त्या मागणीच्या कागदावर कोणी विचारी अधिकाऱ्यानें आपल्या मुलास चोर ठरविलेलें नसतें, एवढें घरांतील वडील मंडळींनीं प्रथम मनाशीं धरावें.

कायद्यांतही या ठिकाणीं दोन कलमें समोरासमोर उभीं राहिलेलीं दिसतात. १९९ वें कलम म्हणतें कीं, कापून सरकारांत भरलेल्या कराचीच जमा नोकरास मिळेल. उलट २०५ वें कलम म्हणतें कीं, उत्पन्नांतून जेवढा कर कापला गेला, तेवढ्यापुरता तो कर भरण्यास त्या उत्पन्नाच्या धन्यास सांगतां येणार नाहीं. गांवच्या पाटलानें सारा वसूल केला आणि तो तालुक्यास पोंचविला नाहीं, तर रयतेनें दुसऱ्यांदा सारा द्यावा, असें कोणीही न्यायी मनुष्य म्हणणार नाहीं. २०५ व्या कलमाचा आत्मा तोच आहे.

न्यायालयांनींही हाच अर्थ उचलून धरला आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २००७ सालीं एका पगारदाराच्या प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, मालकानें कर कापल्याचें सिद्ध झालें म्हणजे तो कर वसूल करण्याचा मार्ग मालकाकडे जातो. मालकानें कपातीचा दाखला दिला नाहीं, एवढ्यावरून नोकरास पुन्हां धरतां येत नाहीं. किंगफिशर एअरलाइन्सचीं विमानें आक्टोबर २०१२ मध्यें बंद पडलीं, तेव्हां तेथील कर्मचाऱ्यांवर हाच प्रसंग ओढवला. त्यांपैकीं एका वैमानिकाच्या प्रकरणांत गुजरात उच्च न्यायालयानें २०२१ सालीं नोकराच्या बाजूनें निकाल दिला. २०२३ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें याच्याही पुढें जाऊन सांगितलें कीं, अशी रक्कम पुढील वर्षांच्या परताव्यांतून आडमार्गानेंही वळती करून घेतां येणार नाहीं. खुद्द केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें १ जून २०१५ रोजीं आपल्या अधिकाऱ्यांस लिहून कळविलें होतें कीं, अशा मागण्यांची नोकराकडून सक्तीनें वसुली करूं नये. आणि ११ मार्च २०१६ रोजीं त्या आज्ञेची पुन्हां आठवण दिली होती.

इतकें सर्व अनुकूल असतांना काळजी कशाची, असें कोणी विचारील. काळजी एकाच शब्दाची आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘कापला’. कर कापला गेला हें सिद्ध करण्याचा भार नोकरावर आहे. मालकानें कर मुळींच कापला नसेल, तर तो भरण्याची जबाबदारी नोकराचीच राहते. तेथें वरील संरक्षण मिळत नाहीं. म्हणून या साऱ्या प्रकरणांत खरें शस्त्र वकिली वादाचें नसून कागदाचें आहे. नेमणुकीचें पत्र, दरमहाचें पगारपत्रक, आणि त्या पत्रकांतील निव्वळ पगार जितका, तितकाच बँकेंत जमा झाल्याचा उतारा, हे तीन कागद एकमेकांशीं जुळले म्हणजे कपात सिद्ध होण्यास मोठाच आधार मिळतो. मालकानें १५ जूनपर्यंत द्यावयाचा वार्षिक दाखला, ज्यास लोक ‘फॉर्म १६’ म्हणून ओळखतात, तो मिळाला असेल तर उत्तमच.

येथें एक व्यावहारिक सूचना करणें अवश्य आहे. हल्लीं पगारपत्रकें कागदावर न मिळतां कंपनीच्या संगणकांत असतात. आणि नोकरी सुटली किंवा कंपनी बुडाली, कीं त्याच दिवशीं तो दरवाजा बंद होतो. यासाठीं प्रत्येक महिन्याचें पत्रक त्याच महिन्यांत घरच्या संगणकांत उतरवून ठेवावें. घरांतील एखाद्या निवृत्त वडील माणसानें हें काम आपणाकडे घ्यावें. पूर्वीं किराणा-दुधाचा हिशेब ज्या काटेकोरपणें ठेवला जाई, त्याच काटेकोरपणें हें दप्तर राखावें. एप्रिल ते जूनची कपात आगस्टांत, जुलै ते सप्टेंबरची नोव्हेंबरांत, याप्रमाणें करपत्रकांत ती उतरली कीं नाहीं तें पाहावें. वर्षाकांठीं चार वेळां पाव तास खर्चिला, तर लाखाचा घोर चुकतो.

आतां कपात दिसत नाहीं असें आढळलें, तर काय करावें ? पहिली गोष्ट म्हणजे लगेच वाईटाची कल्पना करूं नये. पॅन क्रमांकांतील एखादें अक्षर चुकलें किंवा विवरणपत्र उशिरां गेलें, तरी असें होतें. हिशेबखात्यास सौम्य शब्दांत, परंतु लेखी विचारावें. तोंडीं आश्वासनाची नोंद कोठेंच राहत नाहीं, ई-मेलची राहते. उत्तर टाळाटाळीचें आलें, तर दुसरें पत्र व्यवस्थापकांस लिहावें आणि त्यांत महिना, कापलेली रक्कम व पगारपत्रकाचा हवाला द्यावा.

दुसरी गोष्ट, आपलें विवरणपत्र वेळेवर भरावें आणि त्यांत पूर्ण पगार दाखवावा. कर पोंचला नाहीं म्हणून हातीं आलेलाच पगार उत्पन्न म्हणून लिहिणें, ही चूक कित्येक सज्जन माणसें करतात. कापलेला करही कायद्यानें आपलेंच उत्पन्न आहे. तो उत्पन्नांत धरावा आणि कपात म्हणून त्याची जमाही मागावी.

तिसरी गोष्ट, मागणी आलीच तर मुदतींत उत्तर द्यावें. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर मागणी अमान्य असल्याचें कळविण्याची सोय आहे. तेथें कारण लिहून कागद जोडावेत. दुरुस्तीचा अर्ज करावा. आपल्या भागाच्या आयकर अधिकाऱ्यास २०५ वें कलम, वर सांगितलेले निर्णय आणि मंडळाचीं दोन्ही पत्रें यांचा उल्लेख करून निवेदन द्यावें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर हुकूम मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्तांकडे अपील करतां येतें. त्या मुदतीसाठीं चांगल्या करसल्लागाराचें साहाय्य घ्यावें. उत्तर न देतां बसल्यास थकलेल्या मागणीवर दरमहा शेंकडा १ याप्रमाणें व्याज चढत जातें आणि पुढील परतावे अडकून पडतात.

चौथी गोष्ट मालकाविरुद्ध तक्रारीची. आयकर खात्यांत कपातीच्या कामासाठीं स्वतंत्र आयुक्त व अधिकारी असतात. मालकाचा टॅन क्रमांक, जो दाखल्यावर आणि पुष्कळदां पगारपत्रकावरही असतो, तो देऊन त्यांच्याकडे लेखी तक्रार करावी. कापून न भरलेल्या रकमेवर मालकास दरमहा शेंकडा दीड टक्का व्याज द्यावें लागतें. विवरणपत्रास उशीर झाल्यास दिवसास २०० रुपये शुल्क पडतें. आणि कर दाबून ठेवणाऱ्या मालकावर फौजदारी खटलाही होऊं शकतो.

जी दृष्टि करावर ठेवावयाची, तीच भविष्यनिर्वाह निधीवरही ठेवावी. पगाराचा जो शेंकडा १२ वा हिस्सा निधीसाठीं कापला जातो, तो मालकानें आपल्या हिश्शासह पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाचा असतो, आणि तो सदस्याच्या पासबुकांत दिसतो. नोकराच्या वेतनांतून कापलेला हा हिस्सा मालकानें न भरणें, यास जुन्या दंडसंहितेच्या ४०५ व्या कलमानें फौजदारीपात्र न्यासभंग मानलें होतें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमांतही तेंच म्हटलें आहे. येथें तर जागरूकता अधिकच हवी; कारण करांत सरकारचा पैसा अडकतो, निधींत मात्र आपल्या म्हातारपणची भाकरी अडकते.

राहतां राहिली भीड. ‘ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करावी ?’ हा प्रश्न आमच्या वर्गांतील पापभीरु माणसांस नेहमीं पडतो. परंतु मीठ कोणीं कोणाचें खाल्लें, याचा विचार करावा. नोकरानें महिनाभर राबून पगार मिळविला; त्यांतील जो भाग देशाच्या तिजोरींत जावयाचा, तो मालकानें मध्येंच अडविला. अशा वेळीं मौन धरणें ही निष्ठा नव्हे. आपल्यामागें त्याच कचेरींत दहा तरुण मुलें काम करीत असतात; आपण लिहिलेलें एक पत्र त्यांचेंही रक्षण करतें. शक्य असल्यास चार-सहा सहकाऱ्यांनीं मिळून तक्रार करावी. एकट्यावर राग काढणें सोपें असतें, सर्वांवर काढणें अवघड असतें.

आमच्या त्या स्नेह्यांच्या घरीं पुढें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करतों. चिरंजीवांपाशीं पगारपत्रकें नव्हतीं. सारे हताश झाले असतां धाकट्या सूनबाई म्हणाल्या, “भावोजींनीं घराच्या कर्जासाठीं तीं बाराही पत्रकें मला पाठविलीं होतीं, मीं जपून ठेवलीं आहेत.” त्या बारा पत्रकांस बँकेचा उतारा जोडून निवेदन गेलें. हेलपाटे पडले, दोन स्मरणपत्रें लिहावीं लागलीं, आणि अकराव्या महिन्यांत मागणी रद्द झाल्याचा हुकूम आला. ठेव मोडावी लागली नाहीं. आतां त्या घरीं दर तिमाहीस वडील स्वतः चष्मा लावून सर्वांचीं करपत्रकें पाहतात, आणि पत्रकें जपण्याचें खातें धाकट्या सूनबाईंकडे आहे.