तांब्याच्या तारेवरची शेती

टेलिफोनची तार माणसांच्या बोलण्यासाठी ओढली गेली. तिच्यावरून एक दिवस चित्रे, निकालपत्रे आणि सातबारे धावतील, हे ती ओढणाऱ्यांच्या मनातही नसावे. मी अकोला-वाशीम रस्त्यावरच्या पातूरचा. आमच्याकडे इंटरनेट आले ते याच तारेवरून. म्हणून तिच्या दोन टोकांना बसलेल्या यंत्राची, मोडेमची, रचना समजून घ्यावीशी वाटली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाचे मोडेम आकड्यांचे सूर करून फोनवर ‘बोलत’. टेलिफोन यंत्रणा मात्र ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे सोडते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की वेगाची कमाल मर्यादा दोन गोष्टींवर ठरते: पट्ट्याची रुंदी आणि खरखरीच्या तुलनेत संदेशाचे बळ. संदेश खरखरीच्या हजारपट असला, तर या ३१०० हर्ट्‌झमधून सेकंदाला सुमारे ३१,००० बिट्स जाऊ शकतात.

मग त्याच तारेवर जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमचे २५६ किलोबिटचे ब्रॉडबँड कसे आले? कारण अडसर तांब्यात नव्हताच. तो एक्स्चेंजमधल्या गाळणीत होता. एक्स्चेंजमध्येच दुसरे मोडेम बसवून ती गाळणी टाळली, की घरापासून तिथपर्यंतच्या तारेवर अकरा लाख हर्ट्‌झपर्यंतचा पट्टा वापरता येतो. बोलणे खालच्या चार हजारांत, आकडे त्याच्या वर.

पण हा पट्टा सारखा सुपीक नसतो. कंपने जितकी वेगवान आणि तार जितकी लांब, तितका संदेश क्षीण. शेजारच्या तारेतला संदेश झिरपतो; खांबांवरून गेलेली तार मध्यम लहरींचे रेडिओ केंद्र पकडते. त्यात आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेल्या केबलच्या जोडांना ओढ बसते. जोडात पाणी शिरले, की खरखर वाढलीच. म्हणून रचनाकारांनी पट्ट्याचे २५६ अरुंद वाफे पाडले. जोडणी होताना दोन्ही मोडेम ठरलेले संकेत पाठवून प्रत्येक वाफा तपासतात. स्वच्छ वाफ्यात एका वेळी १५ बिट्सपर्यंत पेरणी, खडकाळ वाफ्यात दोन-तीन, निकामी वाफा पडीक. मध्येच परिस्थिती बदलली, तर चालू जोडणीतच बिट्स एका वाफ्यातून दुसऱ्यात हलवतात.

सर्वांत मोठा गोंगाट मोडेमचा स्वतःचाच असतो. जाणे-येणे एकाच जोडतारेवर, त्यामुळे पाठवलेल्या संदेशाचा काही भाग उलटून आपल्याच कानावर येतो. लांबून थकून आलेला संदेश त्यापुढे कुजबुजीएवढा. मात्र आपण काय पाठवले, हे मोडेमला ठाऊक असते. म्हणून तो त्या प्रतिध्वनीची नक्कल आतल्या आत तयार करून ऐकलेल्यातून वजा करतो. किंवा जाण्याचे आणि येण्याचे वाफेच वेगळे ठेवतो.

या साऱ्या हुशारीला अंतर पुरून उरले. एक्स्चेंजजवळच्या घराला जे मिळे, ते पाच-सहा किलोमीटरवरच्या वस्तीला मिळणे कठीण. मग लाइनमनने कितीही खटपट करो. आता तांब्याच्या जागी काचतंतू येतो आहे आणि ४जी मोबाइलही अरुंद वाफ्यांचीच पद्धत वापरतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा प्रश्न तेवढा एक्स्चेंजकडून टॉवरकडे सरकला आहे. केंद्र तिच्या किती जवळ न्यायचे, हा निर्णय तेव्हाही खर्च करणाऱ्याचा होता, आजही त्याचाच आहे.