छताखालचा ठोका

विसर्जनाच्या रात्री गुलमंडीजवळच्या घरात गाणं कानाआधी काचेला कळतं. मिरवणूक अजून दोन चौक लांब असते, शब्द ऐकू येत नाहीत, पण खिडकीची तावदानं थरथरू लागतात आणि मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर वाजतात. आपल्या गावात ‘डीजे’ म्हणजे माणूस नव्हे. गाडीवर रचलेली बेस आणि टॉपची भिंत म्हणजे डीजे. त्यामागे बसलेल्या पोराचं नाव कुणी विचारत नाही.

१४ डिसेंबर १९९१ च्या रात्री बर्लिनच्या वायसेनसे भागातल्या एका हॉलमध्ये हजारो पोरं जमली, ती मात्र डीजेंची नावं वाचून. निमित्त होतं एक रेडिओ वाचवण्याचं. डीटी ६४ हे पूर्व जर्मनीतलं तरुणांचं केंद्र १९६४ सालच्या एका युवक मेळाव्यासाठी सुरू झालं आणि पुढे चालूच राहिलं. जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडची नभोवाणी गुंडाळायचं ठरलं, त्यात हेही निघालं. श्रोते रस्त्यावर उतरले. वेस्टबाम हा डीजे आणि त्याच्या ‘लो स्पिरिट’ कंपनीतल्या मंडळींनी नाचाची रात्र ठेवली. नाव दिलं ‘मेडे’, म्हणजे संकटातलं जहाज किंवा विमान वायरलेसवर देतं ती हाक. रेडिओ त्या नावाने काही टिकला नाही. १९९३ मध्ये त्याचं ‘स्पुटनिक’ झालं. हाक मात्र पुढे वर्षानुवर्षं दिली गेली, आणि नाचायला येणाऱ्या निम्म्या पोरांना जहाज कुठलं हे ठाऊकही नसेल.

या नाचाचं संगीत आलं होतं डेट्रॉइटहून. मोटारींच्या त्या शहराजवळ एकाच शाळेत शिकलेले वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तीन कृष्णवर्णीय तरुण जर्मनांच्याच क्राफ्टवेर्क या बँडच्या तबकड्या ऐकून स्वतःचं काहीतरी वाजवू लागले, त्याला टेक्नो म्हणू लागले. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमध्ये मालकाचा पत्ता नसलेल्या इमारती ओस पडल्या. एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत १९९१ मध्ये क्लब निघाला. नाव ‘ट्रेझर’, म्हणजे तिजोरीच.

इथे मुंबईचा एक माणूस आठवल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. एचएमव्हीने तबकडी काढली, ती पडली. त्या यंत्रांतलं टीबी-३०३ हे डबडं मुळात गिटारवाल्यांना रियाजासाठी बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूने त्याच यंत्राचे कान पिळले आणि जगाला अ‍ॅसिड हाउस मिळालं. सिंग यांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातल्या पोरांनी तोंडात बोटं घातली.

मेडे मग डॉर्टमुंडच्या वेस्टफालनहालेत स्थिरावलं. सायकलच्या शर्यती आणि मुष्टियुद्धं पाहिलेला हा अवाढव्य गोल हॉल. तारीख ३० एप्रिल, कारण दुसऱ्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी. (आपल्याकडेही असते, पण ती झेंडावंदनात जाते.) पण असा नाच उघड्या माळावर ठेवायचा सोडून छताखाली का न्यायचा? थंडी हे एक कारण. दुसरं शेजारी. इंग्लंडमध्ये १९९२ साली कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो पोरं आठवडाभर नाचली आणि १९९४ मध्ये कायदाच आला: उघड्यावर, रात्री, एकसारख्या ठोक्यांचं संगीत लावून जमणाऱ्यांना पोलिस हटवू शकतात. ‘एकसारखे ठोके’ हे शब्द कायद्यात आहेत. संगीताची इतकी कोरडी व्याख्या दुसरी माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद केले, पण सभागृह, मेजवानीचे हॉल अशा बंद जागा वगळल्या. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर पहाटेपर्यंत चालणाऱ्या पार्ट्यांना हाच दहाचा काटा आडवा आला.

छत मात्र फुकट मिळत नाही. टेक्नोचे ठोके मिनिटाला १४० धरले, तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर. हॉल सत्तर मीटर रुंद असेल तर आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतो तोवर पुढचा ठोका पडायच्या बेतात असतो, आणि दोन्हींचा काला होतो. म्हणून छतापासून पडदे सोडायचे, स्पीकर अधूनमधून टांगायचे, मागचे किंचित उशिराने वाजवायचे. तरीही बेस ऐकत नाही. पन्नास हर्ट्झची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. पडद्याला ती दाद देत नाही, आणि हलक्या भिंतीतून, पत्र्यातून तर सरळ बाहेर पडते.

बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयांत हळदीच्या रात्री हे पाहायला मिळतं. दहा वाजले की लॉनवरचा डीजे बंद, वऱ्हाड आत, दारं लावलेली. गेल्या लग्नसराईत अशाच एका कार्यालयाबाहेर मी गाडी काढत होतो. आत गाणं कोणतं चाललंय ते काही कळेना. पार्किंगच्या पत्र्याला मात्र बरोबर कळत होतं.