कुंडीतला वाफसा

श्रोतेहो, वैशाख लागला की घरोघरी एकच तक्रार कानी येते, "रोज तांब्याभर पाणी घालते, तरी तुळस वाळली!" पाणी तर कुंडीखालच्या भोकातून वाहताना स्वच्छ दिसते. मग रोपाची तहान का भागत नाही? दोष तुळशीचा नव्हे, घालणाऱ्या हाताचाही नव्हे. तो मातीचा आहे.

माती पार वाळली की आकसते. काळ्या मातीत हे फार. मग माती आणि कुंडी यांच्यामध्ये फट पडते आणि पाणी ती सोपी वाट धरून निघून जाते. शिवाय अगदी वाळलेल्या पालापाचोळ्याच्या कणांवर मेणचट थर असतो; तो पाणी झिडकारतो. अशा वेळी वरून ओतणे व्यर्थ. पाणी भरलेल्या घमेल्यात कुंडी अर्धा तास ठेवावी. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे पाणी मातीत खालून वर चढते. वरची माती ओली दिसली की कुंडी काढून निथळू द्यावी.

हा झाला तात्पुरता उपाय. कायमचा हवा, तर आपल्या शेतकऱ्याचा एक नेमका शब्द आठवावा: वाफसा. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, ही स्थिती म्हणजे वाफसा. नुसती वाळू पाणी धरीत नाही. नुसती चिकणमाती हवा ठेवीत नाही. म्हणून २ भाग पोयटा, १ भाग चांगले कुजलेले शेणखत आणि १ भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करावे. हा भुसा स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो. मात्र त्यात क्षार असतात, तेव्हा तो आधी धुऊन घ्यावा.

एक समजूत मात्र सोडली पाहिजे. तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः बारीक मातीतले पाणी, ती माती तुडुंब भिजेपर्यंत, खडीत उतरतच नाही. त्यामुळे चिखल मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे.

शेवटी, मातीवर २ इंच वाळक्या पानांचे आच्छादन घालावे, म्हणजे ऊन थेट मातीला भिडत नाही.

ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे वाया गेलेला तांब्या क्षुल्लक नसतो. पाणी वाढविणे आपल्या हाती नसेल. आहे ते धरून ठेवील अशी माती करणे निश्चितच आहे.