पंधराशे रुपयांचा महिना : निराधारांचे अनुदान आणि वाढती महागाई

रविवारची पहिली मिस्सा आटोपली की धर्मग्राम कार्यालयाच्या दारात काही माणसे रेंगाळतात. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला मिस्सा अर्पण करावयाची असते. त्यांच्यामागे एखादी वृद्ध विधवा पिशवीत बँकेचे पासबुक घेऊन उभी असते. गर्दी ओसरल्यावर ती पुढे येते आणि हलक्या आवाजात विचारते, "फादर, पैसे आले का, एवढे बघून सांगाल?" पासबुकावर नोंद असली, तर तिच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. नोंद नसली, तर ती काही न बोलता पिशवीची घडी घालते. त्या महिन्याचे औषध आता पुढच्या महिन्यावर गेलेले असते.

वसई-विरारकडे बाहेरून पाहणाऱ्यास येथे दारिद्र्य दिसत नाही. पश्चिमेला टुमदार घरे, वाड्या आणि बंगले आहेत, तर पूर्वेला रेल्वेमार्गाच्या कडेने उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. २००९ साली महानगरपालिका आली आणि २०१४ साली आपण पालघर जिल्ह्यात गेलो. या भरभराटीच्या छायेत शासनाच्या मासिक अनुदानावर दिवस काढणारी माणसे आपल्याच आळीत राहतात. नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्याने राहणारी एकटी स्त्री, अर्नाळा किंवा पाचूबंदरचा थकलेला मच्छीमार, सातबाऱ्यावर नाव असूनही हाती पैसा नसलेला वयोवृद्ध शेतकरी, ही सारी त्यांतलीच. त्यांना मिळते काय, ते पुरते किती आणि आपण काय करू शकतो, हे समजून घेण्याचा या लेखाचा हेतू आहे.

अनुदान कोणते आणि किती?

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील निराधार व्यक्ती, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, तसेच दुर्धर आजाराने ग्रासलेले रुग्ण यांच्यासाठी ती आहे. पासष्ट वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०१९ पूर्वी या योजनांत दरमहा ६०० रुपये मिळत. त्या वर्षी रक्कम १,००० रुपये झाली आणि २०२३ साली १,५०० रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी शासनाने २०२५ साली ती २,५०० रुपये केली.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाला २००७ साली इंदिरा गांधी यांचे नाव देण्यात आले. तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये होता. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धांसाठी तो आजही २०० रुपयेच आहे. ऐंशी वर्षांनंतर तो ५०० रुपये होतो. उरलेली भर राज्य शासन घालते, म्हणून आपल्याकडील वृद्धांच्या हाती १,५०० रुपये पडतात.

दरमहा पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यातच चहा-साखर, तेल-मीठ, वीज, औषधे, चप्पल आणि एखाद्या नातलगाच्या अंत्यविधीला जाण्याचे रिक्षाभाडेही बसवायचे असते.

उत्पन्नमर्यादेचे कोडे

हे अनुदान मिळण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते किंवा कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. २१,००० रुपयांना बाराने भागले की महिन्याला १,७५० रुपये येतात, म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपयांच्या आसपास. ही मर्यादा एका माणसाची नव्हे, साऱ्या कुटुंबाची आहे. घरातील एखाद्याने आठवड्यातून दोन दिवस मजुरी केली, तरी ती ओलांडली जाते.

याचा परिणाम काय होतो? प्रामाणिकपणे खरा आकडा सांगणारा माणूस दारातच अडतो. उत्पन्नाचा दाखला आणावयाचा, तर आकडा कमी सांगण्याचा मोह होतो. गरिबाला मदत मागण्यासाठी असत्याचा आधार घ्यावा लागावा, ही गोष्ट समाज म्हणून आपल्याला अस्वस्थ करणारी आहे. महागाईबरोबर मजुरीचे आकडे वाढतात, पण मर्यादा जागच्या जागी राहते. त्यामुळे कालचा पात्र माणूस आज अधिक सुखी झालेला नसतानाही अपात्र ठरतो.

पासष्टीचा उंबरठा

जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. एकवीस ते पासष्ट वर्षे वयाच्या स्त्रियांना तीत दरमहा १,५०० रुपये मिळतात आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून तेवढीच रक्कम मिळणारी स्त्री हा लाभ घेऊ शकत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक भगिनींना या योजनेचा आधार झाला आहे. परंतु एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली आहे. समजा, एका भगिनीच्या मुलाला कारखान्यात महिना पंधरा हजार रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजार झाले. ती लाडकी बहीण योजनेत बसते. पासष्ट वर्षे पूर्ण झाली की तो लाभ थांबतो. आता तिने श्रावणबाळ योजनेकडे वळावयाचे, तर तेथे मर्यादा २१,००० रुपयांची! कमरेत बाक आला, दृष्टी मंदावली, औषधे वाढली, नेमक्या त्याच वयात दार अरुंद होते. म्हणून ज्या भगिनी चौसष्टीच्या पुढे गेल्या आहेत, त्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी या बदलाची पूर्वतयारी करावी. जे खरोखर पात्र आहेत, त्यांनी वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच जमवून ठेवावा. नियम वेळोवेळी बदलतात, यासाठी अर्ज करताना तहसील कार्यालयात चालू अटी विचारून घ्याव्यात.

महागाई कशी पोखरते?

शासकीय कर्मचाऱ्यांच्या वेतनात महागाई भत्ता असतो. किमतींच्या निर्देशांकानुसार त्याचे दर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, ठरतात. किमान वेतनालाही अशाच विशेष भत्त्याची जोड असते. निराधारांच्या अनुदानाला मात्र अशी कोणतीही जोड नाही. शासनाने निर्णय घेतला तरच ते वाढते, आणि दोन निर्णयांमध्ये वर्षानुवर्षे जातात.

दरसाल पाच टक्के महागाई धरली, तर आजच्या पंधराशे रुपयांत तीन वर्षांनी सुमारे तेराशे रुपयांचाच माल येईल. चौदा वर्षांत त्यांची किंमत निम्म्यावर येईल. पासबुकावरचा आकडा तोच राहतो, पण पिशवी हलकी होत जाते. केंद्राच्या दोनशे रुपयांचे नेमके हेच झाले आहे. खासगी क्षेत्रात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या कामगारांचीही हीच व्यथा आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अंतर्गत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले, आणि त्यानंतर अनेक वर्षे ते तेवढेच राहिले.

शिवाय महागाईचा सरासरी आकडा गरिबाच्या ताटाला लागू पडत नाही. सुखवस्तू घरात अन्नावर उत्पन्नाचा लहानसा भाग खर्च होतो. गरिबाचा बहुतेक पैसा अन्न, इंधन आणि औषधांवरच जातो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा मध्यमवर्गाने कुरकुर केली, गरिबाने टोमॅटो घेणेच थांबविले. २०२५ साली मुंबई परिसरात घरगुती गॅस सिलिंडर साडेआठशे रुपयांच्या आसपास होता. पंधराशे रुपयांतून तो घेतल्यावर हाती काय उरते, याचा हिशेब लहान मूलही करील. चाळीत भाड्याने राहणाऱ्याचे भाडे तर या साऱ्या हिशेबाच्या बाहेरच आहे.

रोख रकमेपलीकडचा आधार

तरीही मार्ग अगदीच बंद नाहीत. काही हक्क असे आहेत, की ज्यांची माहिती नसल्यामुळे आपली माणसे त्यांपासून वंचित राहतात.

पहिला हक्क शिधापत्रिकेचा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये अंत्योदय कुटुंबास महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ती सवलत वाढविण्यात आली. धान्य मोफत असले, तरी डाळ, तेल आणि भाजी विकतच घ्यावी लागते, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा आरोग्याचा. सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्डाद्वारे वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. रोजच्या गोळ्या मात्र त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी जनऔषधी केंद्रातील स्वस्त औषधांचा उपयोग होतो.

तिसरा कुटुंबातील कर्त्या व्यक्तीच्या निधनासंबंधीचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या कमावत्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. शोकाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही. ते सुचविणे हे शेजाऱ्याचे काम आहे.

चौथा हक्क सांगताना संकोच वाटतो, पण तो सांगितला पाहिजे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यान्वये, सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. आईवडिलांनी या पायरीवर जाण्याची वेळ कोणत्याही कुटुंबाने आणू नये.

कागदावरचे नाव

आपल्या समाजाची एक विशेष अडचण आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आजोबांचे नाव 'आंतोन' असते, आधारकार्डावर 'अँथनी', बँकेत आणखी तिसरे. आडनावाचेही तसेच. डिसोजा, परेरा, लोपीस, गोन्साल्विस ही आडनावे इंग्रजीत कुणी कशी लिहितो, कुणी कशी. पूर्वी याने फारसे बिघडत नसे. आता अनुदान आधारशी जोडलेल्या बँकखात्यात थेट जमा होते. नावातील किंवा जन्मतारखेतील एका फरकाने अर्ज अडकू शकतो.

दुसरी अडचण बोटांच्या ठशांची. जन्मभर कुदळ चालविलेल्या, जाळी ओढलेल्या हातांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. ज्या श्रमांनी हे हात झिजले, त्याच श्रमांमुळे म्हातारपणी शिधा अडावा, हा केवढा दैवदुर्विलास! अशा वेळी आधारकेंद्रावर जाऊन ठसे व भ्रमणध्वनी क्रमांक अद्ययावत करून घ्यावेत.

तिसरी गोष्ट हयातीच्या दाखल्याची. लाभार्थी जिवंत असल्याचा पुरावा वर्षातून एकदा द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीने हे कोण करणार? दाखला गेला नाही की अनुदान थांबते, आणि थांबल्याचे कळायलाही दोन-तीन महिने जातात.

आपण काय करावे?

पुष्कळ गरीब कुटुंबे अर्जच करीत नाहीत. 'आम्ही काय भिकारी आहोत का?' असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांच्या स्वाभिमानाचा आदर राखूनही त्यांना सांगितले पाहिजे, की हे अनुदान भिक्षा नाही. आपल्या संविधानाच्या ४१ व्या कलमाने वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत नागरिकाला साहाय्य करण्याचे मार्गदर्शक तत्त्व राज्यापुढे ठेवले आहे. जन्मभर शेतात, समुद्रावर, दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या माणसाने समाजाला जे दिले, त्याचाच थोडा अंश त्याच्याकडे परत येत असतो.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. आद्य ख्रिस्तसभेत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसविले नाही. त्यांनी या कामासाठी सात विश्वासू माणसे निवडून घेतली. अन्न होते, दानतही होती, पण वाटपात कुणीतरी सुटत होते. आजही तसेच होत आहे.

प्रत्येक धर्मग्रामाने अशी दोन-चार माणसे नेमावीत. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद, निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले बंधुभगिनी आणि भ्रमणध्वनी लीलया हाताळणारे तरुण यांनी मिळून आळीवार यादी करावी. चौसष्ट वर्षांवरील कोण, विधवा कोण, दिव्यांग कोण? कुणाचे अनुदान थांबले आहे? कुणाच्या कागदांत नाव जुळत नाही? तहसील कार्यालयात एकट्या वृद्धेला चार हेलपाटे पडतात. सोबत माहितगार माणूस असला, तर दोनांत काम होऊ शकते. वाचलेले रिक्षाभाडे हीसुद्धा तिच्यासाठी मदतच आहे.

आणि एवढ्यावरच थांबू नये. उत्पन्नमर्यादा वाढवावी, अनुदान महागाई निर्देशांकाला जोडावे आणि ते दरमहा ठरावीक तारखेस मिळावे, या तीन मागण्या आपण आपल्या लोकप्रतिनिधींपुढे सातत्याने मांडल्या पाहिजेत. या मागण्या एका धर्माच्या नाहीत. वसईतील हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, आदिवासी अशा साऱ्या निराधारांच्या आहेत.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर घाईने घरी निघताना कार्यालयाच्या दाराकडे एकदा पाहा. पिशवीत पासबुक घेऊन कुणी उभे असेल, तर क्षणभर थांबा आणि विचारा, "मावशी, काही बघून देऊ का?" त्या एका प्रश्नाने तिचे पंधराशे रुपये वाढणार नाहीत, पण ते वेळेवर तिच्या हाती पडण्याची सुरुवात तेथून होऊ शकेल.