पायाळू बाळ आणि सुइणीचे हात

कुणाची कंबर लचकली की घरातली आजी हमखास म्हणते, "अरे, जवळपास कुणी पायाळू आहे का बघा!" पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. त्याचा पाय लागला की उसण पळते, त्याला जमिनीतले गुप्तधन दिसते, अशा किती समजुती! पण तो जन्मला त्या रात्री त्याच्या आईवर काय प्रसंग गुदरला होता, हे कुणी सांगत नाही. ते ठाऊक असे सुइणीला.

ही काळजी सगळ्या मुलखांत सारखीच. तमिळनाडूत कुंभकोणम, नाचियारकोविल या भागात गेलात तर जवळच तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेचे देऊळ आहे. सुखरूप सुटका व्हावी म्हणून गर्भवती तिथले एरंडेल प्रसाद म्हणून नेतात. कावेरीच्याच काठी तिरुचिरापल्लीला तायुमानवर, म्हणजे 'आईही झालेला' शंकर आहे. कळा देणाऱ्या लेकीची आई पुरामुळे पलीकडे अडकली, तेव्हा देवच आईचे रूप घेऊन बाळंतपणाला बसला, अशी कथा सांगतात.

आपल्या वैद्यकानेही हे संकट पूर्वीच ओळखले होते. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला 'मूढगर्भ' म्हटले असून त्याचे प्रकार दिले आहेत. त्यातला एक 'परिघ'. दाराला अडसर घालावा तसे आडवे बसलेले मूल!

दिवस भरताना शंभरातली सुमारे ९६ बाळे डोके खाली करून असतात. तीन-चार पायाळू किंवा बैठी असतात. आडवी त्याहूनही कमी. सातव्या महिन्यात मात्र जवळजवळ चौथा हिस्सा बाळे उलटी असतात. बहुतेक पुढे आपोआप फिरतात. म्हणून तेव्हा घाबरायचे कारण नाही.

जाणती सुईण हे हातानेच ओळखी. पोटात वरच्या बाजूला कठीण, गोल, हलणारे काही लागले, तर ते डोके. मऊ, रुंद लागले, तर बैठक. पोट उंचीपेक्षा रुंदीलाच वाढलेले दिसले, तर मूल आडवे. पायाळू मुलाचे अंग बाहेर येते आणि सर्वांत मोठे डोके मागे राहते, खरा धोका तिथे. आडवे मूल तर तसे जन्मूच शकत नाही. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

म्हणूनच सुइणीचे मोठेपण ओढून काढण्यात नव्हते, वेळीच ओळखून पुढे पाठवण्यात होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावातल्याच बायकांना त्यांनी हे शिकवले: कोणती गर्भवती जोखमीची, तिला दवाखान्यात केव्हा न्यायचे.

आता काळ बदलला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तमिळनाडूत ९९.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. सोनोग्राफीने बाळाची स्थिती आधीच कळते. साधारण ३७व्या आठवड्याच्या सुमारास तज्ज्ञ डॉक्टर बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवून पाहतात. निम्म्याच्या आसपास वेळा ते साधते, नाही तर बहुधा सिझेरियन करतात. शिकलेल्या सुइणीची गरजही सरकारला पुन्हा पटली आहे. २०१८ साली परिचारिकांना खास प्रसूतिशिक्षण देण्याची योजना जाहीर झाली.

पण घरच्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोट चोळून, दाबून बाळ फिरवण्याचा उद्योग घरी कधीही करू नये. आणि बाळ पायाळू किंवा आडवे आहे असे कळले असेल, तर कळा सुरू होताच किंवा पाणमोट फुटताच, "बघू सकाळी" न म्हणता लगेच दवाखाना गाठावा. अशा वेळी नाळ आधी खाली सरकण्याची भीती असते.

पायाळूच्या पायात जादू असो वा नसो, त्याला सुखरूप जगात आणणाऱ्या हातांत मात्र ती नक्कीच होती.