निवडणारी नजर आणि आकाश

तांदूळ निवडताना हजार पांढऱ्या दाण्यांतला एक पांढराच खडा आपल्या नजरेला बरोबर सापडतो. मैत्रिणींनो, आकाशातले तारेही असेच निवडून काढतात, तेही जुन्या फोटोंतून!

काही ताऱ्यांचा उजेड कमी-जास्त होत राहतो. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. एका रात्रीच्या फोटोत ठळक, दुसऱ्या रात्रीच्या फोटोत मंद. पण ठिपके असतात हजारोंनी. बदलणारा नेमका कोणता, हे ओळखायचं कसं?

अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे काम बायका करायच्या. तेव्हा फोटो काचेवर निघत. एका रात्रीच्या काचेवर दुसऱ्या रात्रीची, काळ्याचं पांढरं केलेली काच ठेवायची. जो ठिपका जुळला नाही त्याच्यावर संशय! विल्यमिना फ्लेमिंग मूळची स्कॉटलंडची. गरोदर असताना नवऱ्यानं टाकलं, म्हणून वेधशाळेच्या संचालकांच्या घरी कामाला राहिली. १८८१ मध्ये त्यांनी तिला वेधशाळेत घेतलं आणि पुढं तिनं ३०० हून जास्त रूपविकारी तारे शोधले. हेन्रिएटा लेविटला ऐकू कमी यायचं. १९०८ मध्ये तिनं १७७७ ताऱ्यांची यादी छापली. १९१२ मध्ये दाखवून दिलं, की यातल्या एका जातीच्या ताऱ्यांचा फेरा जितका लांब, तितका तारा मूळचाच तेजस्वी. त्यावरून दूरदूरची अंतरं मोजता आली. तिची मजुरी? तासाला ३० सेंट. नजर हिऱ्याची, मोल कवडीचं!

शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो वेधशाळा होणार, २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, तेव्हापासून आमच्या कुरुंद्यातही असले विषय निघतात. बचत गटाच्या बैठकीत बारावी सायन्सच्या एका मुलीनं मला विचारलं, "काकू, आता कॉम्प्युटर असताना माणसाचं काय काम?"

प्रश्न रास्त आहे. पुष्कळसं काम कॉम्प्युटरच करतो. पण दुर्बिणींचे फोटो इतके साठलेत, की शास्त्रज्ञांचे डोळे पुरत नाहीत. म्हणून जगभरचे हौशी लोक ते उघडून बघतात. मात्र ठिपका बदलला म्हणून लगेच पेढे वाटायचे नाहीत. ढग असेल, कॅमेऱ्याचा दोष असेल, शेजारच्या ताऱ्याचा उजेड सांडला असेल. बऱ्याच रात्रींचे फोटो ताडून बघेपर्यंत तो 'संशयित'च!

आपल्याकडेही असं काम चालतं, ताऱ्यांचं नाही, पण दीर्घिकांचं. मुंबईतले डॉ. आनंद होता (आडनावच होता!) यांनी २०१३ मध्ये 'रॅड ॲट होम' सुरू केलं. त्यात शिकणारी मुलं-मुली दुर्बिणींची साठवलेली चित्रं तपासतात. त्याच वर्षी त्यांना एक विचित्र दीर्घिका दिसली. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीनं ती नीट पाहिली, तेव्हा तिच्यातून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळताना दिसला. २०२२ मध्ये शोधनिबंध छापून आला.

हे ऐकून ती मुलगी म्हणाली, "पण सगळं इंग्रजीतच असेल ना?" बहुतेक इंग्रजीतच आहे, हे खरं. पुढच्या बैठकीला ती डिक्शनरी घेऊन येणार आहे. फोन माझा. घरचा एकच आहे, आणि संध्याकाळी तो भावाकडं असतो.